जुनी गाडी नेमकी कुठे म्हातारी होते?

‘पस्तीस वर्षांची गाडी आहे. दोनच सीट, वर कापडी छप्पर. परवडेल अशा किमतीत मिळतेय. घेऊ का? आणि घेतली तर घरी सांभाळता येईल का?’

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या माणसांकडून हा प्रश्न येतो, तेव्हा सोबतच्या फोटोत पुष्कळदा एकच गाडी असते, माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. एमजी, ट्रायम्फ, लोटस या इंग्लिश कंपन्यांच्या छोट्या उघड्या गाड्यांचा काळ तोवर सरला होता. त्या गाड्या चालवण्यात जो आनंद होता, तोच तोशिहिको हिराई यांच्या गटाने भरवशाच्या यंत्रात बसवला. त्यांचं सूत्र होतं ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे घोड्यावर मांड पक्की बसली असं म्हणतात, तोच हा भाव. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीचा उत्पादनाचा आकडा दहा लाखांवर पोचला.

या प्रकरणात आपण तिची पहिली पिढी घेऊ, १९८९ ते १९९७ मधली, जिचे पुढचे दिवे बटण दाबल्यावर बोनेटमधून वर येतात. आधी १.६ लिटरचं आणि पुढे १.८ लिटरचं इंजिन, गती मागच्या चाकांना, वजन साधारण ९५० किलो. बोनेट उघडलं की बहुतेक भागांपर्यंत हात पोचतो आणि सुटे भाग अजून मिळतात. घरी शिकायला याहून चांगली गाडी मिळणं कठीण. इथे जे समजेल, ते कुठल्याही जुन्या उघड्या गाडीला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे. मात्र कामांचा क्रम चुकला तर पैसे जातात आणि गाडी तिथल्या तिथेच राहते. काळाने गाडीकडून जे काढून घेतलंय, ते आधी तिला परत द्यायचं. नवी भर त्यानंतर.

१. वय किलोमीटरमध्ये मोजायचं की वर्षांमध्ये?

घरात जुन्या कागदपत्रांचा एखादा गठ्ठा असतो. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला रबर लावून ठेवलेलं. आज तो गठ्ठा काढला आणि रबराला नुसतं बोट लावलं, तरी ते तुटतं. त्या रबराने वीस वर्षांत काहीही काम केलेलं नसतं. तरी ते म्हातारं झालं.

गाडीचंही तसंच होतं. तिच्यात पोलाद, ॲल्युमिनियम, काच यांच्यासारख्या टणक वस्तू असतात, आणि रबर, प्लास्टिक, कापड, तेल यांच्यासारख्या मऊ वस्तू असतात. टणक वस्तू मुख्यतः वापराने झिजतात. मऊ वस्तू नुसत्या काळानेही खराब होतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात, उष्णता त्या कामाला वेग देते, रबर कडक होतं आणि त्याला भेगा पडतात.

एक उदाहरण घेऊ. दोन गाड्या आहेत, दोन्ही १९९२ च्या. पहिली ३ लाख किलोमीटर चाललीय, पण दर काही वर्षांनी तिचे पट्टे, होजपाइप आणि टायर बदललेत. दुसरी फक्त ४० हजार चाललीय, पण तिच्यातलं प्रत्येक रबर कारखान्यात बसवलेलंच आहे. जाहिरातीत दुसरी मोहक दिसते. उद्या लांबच्या प्रवासाला निघायचं असेल, तर पहिली जास्त भरवशाची.

कंपनीचा अनुभवही हेच सांगतो. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची सेवा जाहीर केली. त्यासाठी जे भाग पुन्हा तयार करायला घेतले, त्यांत कापडी छप्पर आणि मूळ मापाचे टायर होते. म्हणजे कंपनीच्या यादीतही मऊ वस्तू होत्याच.

२. पाणी: पन्हळ तुंबली की भिंत जाते

कोकणात मिरगाआधी पन्हळीतला पालापाचोळा काढतात. पन्हळ तुंबली तर पावसाचं पाणी भिंतीत मुरतं, आणि नुकसान दिसतं तोवर उशीर झालेला असतो. कापडी छपराच्या गाडीत अशीच एक पन्हळ असते, आणि बऱ्याच मालकांना तिचा पत्ताच नसतो.

छपराच्या मागच्या कडेवरून उतरलेलं पाणी आत लपलेल्या एका रबरी पट्टीत गोळा होतं. तिथून ते सीटच्या मागे, दोन्ही बाजूंच्या नळ्यांत जातं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, गाडीच्या पोटाखालून बाहेर पडतं. नळीत पानं, माती, कापडाचे धागे अडकले की पाणी उलटं फिरतं. मग ते गालिच्याखाली साचतं किंवा दाराखालच्या पोकळ पेटीत शिरतं.

ही पेटी महत्त्वाची का, हे समजायला चपलांचं खोकं घ्या. झाकण लावलेलं खोकं दोन्ही हातांनी पिळून पाहा. ते फारसं वळत नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा, लगेच वेडंवाकडं होईल. नेहमीच्या गाडीला छप्पर हेच झाकण असतं. उघड्या गाडीला ते नसतं, म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडून ठेवण्याचं बरंचसं काम दाराखालच्या दोन पेट्यांवर येतं. तुंबलेली पन्हळ पाणी नेऊन सोडते ते नेमकं याच पेट्यांमध्ये. मागच्या चाकापुढे रंगाला फुगे आलेले दिसले, तर आतला पत्रा आतूनच खाल्ला गेलाय असं समजावं. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्या भागांत हे आणखी लवकर घडतं.

तपासणी सोपी आहे. छप्पर अर्धं उचलून मागच्या पट्टीच्या टोकाशी पेलाभर पाणी हळूहळू ओता. ते थोड्याच वेळात मागच्या चाकापुढे जमिनीवर पडलं पाहिजे. पडलं नाही किंवा थेंबथेंब आलं, तर नळी तुंबलीय. टोक गोलसर असलेली लवचिक नायलॉनची दोरी आत सारून ती मोकळी करा. टोकदार तार घालू नका, नळी फाटली तर पाणी कायमचं आत जाईल. हे काम वर्षातून दोनदा करावं, त्यातलं एकदा पानगळ संपल्यावर.

छपराची मागची खिडकी मूळ गाडीत काचेची नव्हती, पारदर्शक प्लास्टिकची होती आणि चेनने जोडलेली होती. छप्पर पाडण्याआधी ही चेन उघडून खिडकी सपाट ठेवायची असते. तसं केलं नाही तर प्लास्टिकला घडी पडते, आणि थंडीत त्याच घडीवर ते तडकतं. खिडकी कोरड्या फडक्याने पुसू नये. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, नाहीतर धुळीचे कण चरे पाडतात.

३. गाडीखाली जाण्याआधी दोन नियम

पुढची कामं गाडी उचलून करायची आहेत, म्हणून आधी सुरक्षेचं बोलू.

पहिला नियम असा की जॅक उचलण्यासाठी असतो आणि स्टँड धरून ठेवण्यासाठी. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडीचा भार तेलाच्या दाबावर असतो, आणि तो दाब एका छोट्या रबरी सीलने अडवलेला असतो. रबराचं काय होतं ते आपण पाहिलंच. म्हणून केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. सपाट, कठीण जमीन निवडा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावा, पुढून आडव्या सबफ्रेमच्या मध्यावर आणि मागून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शिअलखाली जॅक लावून उचला, आणि दाराखालच्या मजबुती दिलेल्या जागी स्टँड लावा. गाडी हाताने हलवून पाहा. ती ढिम्म राहिली तरच खाली जा.

दुसरा नियम बोल्ट आवळण्याचा. ‘घट्ट’ म्हणजे किती घट्ट? हे मोजायचं माप म्हणजे टॉर्क, अर्थात पिळण्याचा जोर. पान्याची लांबी गुणिले हाताचा जोर, एवढंच त्याचं गणित. चाकाच्या नटांना साधारण १०० न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ पडेल तेवढा. पाना अर्धा मीटर असेल तर २० किलो. तेल सोडायच्या बोल्टला मात्र ३० ते ४० पुरतात आणि स्पार्क प्लगला त्याहून बरेच कमी, कारण प्लग मऊ ॲल्युमिनियममध्ये बसतो. सगळीकडे सारखाच जोर लावला तर कुठे नट सैल राहील आणि कुठे आटे जातील. टॉर्क रेंच हे पहिल्याच महिन्यात घ्यायचं अवजार आहे.

४. गाडीतले द्रव

स्वयंपाकघरात रोज वापरल्या जाणाऱ्या दोन गोष्टी इथे उपयोगी पडतील, कुकर आणि मिठाची बरणी.

कूलंट. इंजिनभोवती फिरणारं पाणी १०० अंशांना उकळू लागलं तर वाफेचे बुडबुडे होतील, आणि वाफ उष्णता नीट वाहून नेत नाही. म्हणून ही सगळी व्यवस्था कुकरसारखी बंद ठेवतात. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. रेडिएटरची टोपी म्हणजे कुकरची शिट्टी आणि रिंग, दोन्ही एकत्र. तिचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, आणि बाकी सगळं ठीक असूनही गाडी तापते. म्हणून तापणाऱ्या गाडीत आधी ही स्वस्त टोपी बदलून पाहावी. गरम इंजिनावर ती कधीही उघडू नये, कारण कुकरचं झाकण वाफ जाण्याआधी उघडण्यासारखंच ते आहे.

या गाडीच्या रेडिएटरच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. नव्या असताना त्या काळ्या असतात आणि उष्णतेने हळूहळू हिरवट तपकिरी होतात. हा रंग म्हणजे प्लास्टिक ठिसूळ झाल्याची खूण. गळती होण्याची वाट न पाहता तेव्हाच रेडिएटर बदलावा. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, त्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं.

ब्रेक ऑइल. पावसाळ्यात मिठाची बरणी नीट बंद केली नाही तर मीठ ओलं होतं. ब्रेक ऑइलही असंच हवेतली ओल ओढून घेतं. त्याने काय बिघडतं? डॉट-४ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना ब्रेक सतत वापरले की ते प्रचंड तापतात, आणि ओलं ऑइल उकळून त्यात वाफ होते. होळीची पिचकारी पाण्याने भरून तोंड बोटाने बंद केलं तर दट्ट्या हलत नाही. तीच हवेने भरली तर दट्ट्या आत जातो. वाफेचंही तसंच आहे. पेडल खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावं. बदलताना रंगावर सांडू देऊ नका, ते रंग उचलतं.

इंजिन ऑइल. साधारण साडेतीन ते चार लिटर लागतं. वर्षातून एकदा बदलावं, गाडी कमी चालली असली तरी. या इंजिनात झडपांचं अंतर जुळवायला बारीक हायड्रॉलिक टेकू असतात आणि त्यांत तेलच भरलेलं असतं. तेल जुनं झालं किंवा टेकूंत घाण साचली की गाडी सुरू होताना शिलाई मशीनसारखी टिकटिक ऐकू येते. ताजं, योग्य दर्जाचं तेल घालून काही दिवस चालवल्यावर पुष्कळदा ती शांत होते. इंजिन खोलण्याची घाई करू नका.

५. रबराची फेरी

आता कडक झालेल्या रबरांची पाळी. इथे एका उदाहरणातून निदानाची पद्धत शिकू.

गाडीखाली तेलाचा डाग दिसतोय. वाकून पाहिलं तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडतोय. कुणीतरी म्हणतं, ‘मागचं मोठं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ थांबा. घराच्या छतात ओल एका ठिकाणी दिसते आणि गळती असते दुसरीकडेच, कारण पाणी उतार शोधत वाहतं. तेलही तसंच. या इंजिनाच्या अगदी मागे, वरच्या बाजूला, झडपा उघडणाऱ्या कॅमची स्थिती ओळखणारा एक सेन्सर असतो. त्याच्याभोवती अंगठीएवढं रबरी कडं असतं. ते कडक झालं की तेल तिथून निघतं, इंजिनाच्या पाठीवरून ओघळतं आणि खाली नेमकं त्या जोडावर येऊन थेंब धरतं. वरच्या झाकणाचं गॅस्केट गेलं तरी असंच होतं. म्हणून इंजिनाची पाठ आधी पुसून कोरडी करा, थोडं चालवा, आणि टॉर्च घेऊन वरून खाली शोधत या. सर्वांत वरचा ओला बिंदू तोच खरा उगम. हे शोधून काढलं तर मोठा खर्च वाचतो, आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसतो, तो वेगळाच.

टायमिंग बेल्ट हा खालच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, वरच्या कॅमशी जोडणारा दात्यांचा रबरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि हा मेळ पट्टा सांभाळतो. तो साधारण १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो. वर्षाला ३ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्यासाठी तेहतीस वर्षं लागतील, आणि तेवढा काळ कुठलंही रबर टिकत नाही. म्हणून मागच्या बदलाची पावती नसेल तर पट्टा जुनाच आहे असं धरून चाला. या पिढीच्या इंजिनांची रचना अशी आहे की पट्टा तुटला तरी झडपा सहसा पिस्टनवर आदळत नाहीत, इंजिन फक्त बंद पडतं. पट्ट्यासाठी सगळं उघडलेलंच असतं, तेव्हा पाण्याचा पंप आणि पुढची ऑइल सीलंही बदलून घ्यावीत.

एक सावधगिरी. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. तिथला मोठा बोल्ट नीट आवळला गेला नाही तर पुली डुगडुगते आणि टोकाची खाच झिजते. पुढच्या पुलीवर चार खाचा असतील तर तुमचं इंजिन आखूड टोकाचं, आठ असतील तर सुधारित. चार असतील तर हे काम या इंजिनाची माहिती असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावं.

क्लच एक दिवस अचानक मऊ पडतो आणि गिअर पडेनासा होतो. पुष्कळदा दोष क्लचच्या चकतीत नसतो. गिअरबॉक्सच्या बाजूला दोन बोल्टांवर बसवलेला छोटा सिलिंडर असतो, त्याचं रबर गेलेलं असतं. त्याच्या टोपणाखाली ओल दिसली की निदान पक्कं. पेडलकडचा वरचा सिलिंडरही त्याच वयाचा असतो, म्हणून दोन्ही एकदम बदला.

बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरी उशी, आपल्या गुडघ्यातल्या कूर्चेसारखी. ती झिजली की खड्ड्यातून जाताना ठोक ऐकू येतो आणि वळणावर गाडी उशिराने ऐकते. बुश बदलल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्यावंच लागतं. त्याशिवाय नवे टायर एका कडेने खाल्ले जातील.

६. उभी गाडी आणि बॅटरी

‘महिनाभर उभी होती, आता सुरूच होत नाही’ ही हौशी मालकांची नेहमीची तक्रार. कारण साध्या भागाकारात आहे.

समजा बॅटरी ३२ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे १ अँपिअरने ३२ तास पुरेल. गाडी बंद असतानाही घड्याळ, रेडिओची स्मृती, एखादा अलार्म मिळून ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०५ अँपिअर ओढतात. ३२ भागिले ०.०५ म्हणजे ६४० तास, साधारण सव्वीस-सत्तावीस दिवस. स्टार्टरला जोराचा प्रवाह लागतो, त्यामुळे बॅटरी अर्ध्यावर आली तरी तो अडखळू लागतो. म्हणजे खरी मुदत दोनच आठवड्यांची. यावर उपाय म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, किंवा निगेटिव्ह तार काढून ठेवणं.

या गाडीची बॅटरी पुढे नसून डिकीत असते. वजन पुढे-मागे सारखं वाटलं जावं म्हणून ती तिथे ठेवलीय. पण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, आणि ॲसिडची वाफ पत्रा खाते. म्हणून इथे साधी बॅटरी बसवू नये. पूर्ण बंद प्रकारची, किंवा वाफ बाहेर नेणारी नळी असलेलीच घ्यावी, आणि ती नळी जोडली आहे ना ते पाहावं.

७. सुधारणा: आता भर घालू

इथवरची कामं झाली की बरेच मालक चकित होतात. नवे बुश, ताजं ब्रेक ऑइल, नीट अलाइनमेंट एवढ्यानेच गाडी दुसरीच वाटू लागते. खरं तर ती १९८९ मध्ये जशी होती तशी झालेली असते. पुढे काय करायचं, ते लाभाच्या क्रमाने सांगतो.

टायर. रस्त्याशी गाडीचा संबंध तळहाताएवढ्या चार तुकड्यांतून येतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१४ असेल तर तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचा टायर काढून टाकावा. मूळ माप १८५/६०, १४ इंची चाकं आणि कंपनीने सांगितलेली हवा २६ पीएसआय. गाडी हलकी आहे म्हणून आकडा कमी आहे. मोठ्या गाडीच्या सवयीने ३५ भरली तर ती उड्या मारेल. सतरा इंची चाकं घालायचा मोह टाळा. चाक जड झालं की शॉक ॲब्सॉर्बरला ते खाली दाबून ठेवणं कठीण जातं, आणि खड्ड्यावर चाक रस्ता सोडतं.

वजन. साधारण ११५ अश्वशक्ती आणि चालकासह १०२० किलो, म्हणजे एका अश्वशक्तीवर ८.९ किलोचा भार. डिकीतलं वीस किलो अनावश्यक सामान काढलं तर भार ८.७ होतो. वेग घेण्यात सुमारे दोन अश्वशक्ती वाढवल्याएवढाच हा फरक. शिवाय वाढवलेली शक्ती फक्त वेग घेताना उपयोगी पडते. कमी केलेलं वजन वेग घेताना, वळताना आणि थांबताना, तिन्ही वेळी कामाला येतं.

ठिणगीची वेळ. विटीदांडूत विटी समोर आल्यावर दांडू उचलला तर उशीर झालेला असतो. हात थोडा आधी सुटावा लागतो. इंजिनातही पेट्रोल पेटून दाब तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडते. हे ‘आधी’ अंशांत मोजतात. या गाडीत इंजिन मंद फिरत असताना मूळ वेळ १० अंश आधीची असते, पुढचा हिशोब गाडीतला संगणक करतो. मिनिटाला ८५० फेरे असतील तर एका फेऱ्याला सुमारे ७० मिलिसेकंद लागतात. १० अंश म्हणजे त्यातले २ मिलिसेकंद. अनेक हौशी मालक ही वेळ १४ अंशांवर, म्हणजे पाऊण मिलिसेकंद आणखी आधी, नेतात. गाडी जास्त चपळ वाटते. मात्र त्यासाठी वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, आणि काम टायमिंग लाइटने मोजूनच करायचं. चढावर इंजिनातून खडखड आली तर ताबडतोब मूळ वेळेवर परत या. तो आवाज म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून पिस्टनवर घाव घालत असल्याची सूचना असते.

ताठपणा. पुन्हा चपलांच्या खोक्याकडे येऊ. झाकण नसलेलं खोकं ताठ करायचं तर तळाला आडव्या-तिरक्या पट्ट्या चिकटवाव्या लागतील. माझदाच्या अभियंत्यांनी गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल एका लांब ॲल्युमिनियमच्या चौकटीने जोडले, त्यामुळे पाय दाबताच मागची चाकं लगेच ऐकतात. ही चौकट भार पेलण्यासाठी नाही, तिला जॅक लावू नये. गाडीच्या तळाला लावायच्या जादा पट्ट्या बाजारात मिळतात, आणि त्यांनी खराब रस्त्यावरची थरथर कमी होते. सीटमागे चांगला रोल बार बसवला तर गाडी उलटल्यास डोक्याचं रक्षण होतं आणि थोडा ताठपणाही येतो. पण दाराखालच्या पेट्या गंजलेल्या असतील तर यातलं काहीही उपयोगाचं नाही. कुजलेल्या वाशावर नवी कौलं चढवत नाहीत.

८. मग, घेऊ का?

कामांचा क्रम आता तुमच्याही लक्षात आला असेल. पहिल्या महिन्यात पाणी: नळ्या, छप्पर, दाराखालच्या पेट्या. दुसऱ्यात सगळे द्रव. पहिल्या सहा महिन्यांत होजपाइप, पट्टा, क्लचचे सिलिंडर. वर्षाच्या आत बुश, अलाइनमेंट, टायर. दुसऱ्या वर्षापासून हौस. प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहा. पुढच्या वेळी अंदाज करावा लागणार नाही, आणि पुढे कधी गाडी दुसऱ्या हाती गेली तर ती वहीच तिची खरी किंमत सांगेल.

गाडी पाहायला जाल तेव्हा रंगाच्या चकाकीकडे आणि किलोमीटरच्या आकड्याकडे शेवटी बघा. सोबत टॉर्च आणि पाण्याची एक बाटली न्या. मालकाची परवानगी घेऊन छप्पर थोडं उचला, मागच्या पट्टीत पेलाभर पाणी ओता, आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसून वाट पाहा. तिथे पाण्याची स्वच्छ धार पडली, दाराखालचा पत्रा बोटाने दाबून टणक लागला, तर बाकी जे काही जुनं असेल ते रविवारच्या सकाळी बसून तुम्ही स्वतः नवं करू शकता. अशी गाडी जरूर घ्या.